सातवं नाव

माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक चादरीला हात लावण्याआधी कुठं बघतं, ते मी बघते. चादरीकडे बघणाऱ्याला लगेच भाव सांगते, माझ्या तोंडाकडे बघणाऱ्याला ताटकळत ठेवते. सोलापुरात माझ्याबद्दल म्हणतात की ही बाई स्वतःच्या सावलीलासुद्धा मागून का येतेस म्हणून हटकते. म्हणोत. ही खोड धंद्यानं लावली असं माझ्या मुलांना वाटतं, पण धंदा नंतर आला. ही खोड मला एका कीर्तनानं लावली. त्या कीर्तनापायी माझ्या वडिलांची शाळेतली जागा गेली, मिशनच्या कंपाउंडातलं आमचं घर गेलं, आणि मास्तरीण होण्यासाठी मला ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं होतं, तेही राहून गेलं. हे कुणामुळं झालं, ते नाव मी वीस वर्षं दाताखाली धरून ठेवलं होतं. आता दातही राहिले नाहीत, तेव्हा ते कागदावर ठेवलेलं बरं.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या वेळेपासूनचे. कंपाउंडात पुढं देऊळ, बाजूला शाळा, मागं घरांच्या दोन ओळी आणि दोन्हींच्या मधोमध विहीर. देऊळच म्हणायचो आम्ही, चर्च हा शब्द मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या तोंडी. आमचं घर पुढच्या ओळीत तिसरं. दोन खोल्या, मागं पडवी, पडवीत चूल. आई अक्कलकोटकडची, रागावली की तिची मराठी संपायची आणि कानडी सुरू व्हायची. माझी बडबड वाढली की 'साकु, साकु' म्हणजे पुरे, एवढंच म्हणायची, आणि ते ऐकलं की मी जास्तच बोलायची. नाव शांती ठेवलं होतं माझं. कंपाउंडातल्या बायका म्हणायच्या, मास्तरांनी नाव ठेवताना मुलीचं तोंड बघितलं नव्हतं वाटतं. भाजीवालीशी घासाघीस करायला आई मलाच पुढं करायची, कारण मी भांडून मेथीची एक जुडी जास्त काढायची आणि वर तिलाच हसवून पाठवायची. जेवणात ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, बहुतेक दिवशी पातळ आमटी, आणि उन्हाळ्यात ताकातली आंबील. आई भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची, कडक व्हायला. तो कडकडणारा घास अजून माझ्या कानात आहे. चावता येत नाही म्हणून असेल, कानच आठवण ठेवतात.

पहाटे मिलचा भोंगा वाजायचा. मग विणकरांच्या गल्लीतून हातमागांची खटखट सुरू व्हायची, ती ऐकता ऐकता मी शाळेत जायची. पण आमच्या कंपाउंडाचा स्वतःचा आवाज म्हणजे रहाटाचा. विहिरीवरचं लाकडी चाक कुरकुरत वर यायचं आणि खाली जाताना सुटल्यासारखं गडगडायचं. कोणती बाई पाणी ओढते आहे हे मी घरात बसून ओळखायची.

त्या विहिरीचं सांगितलं पाहिजे. पुढच्या ओळीत आमच्यासारखी जुनी घरं. मागच्या ओळीत सहासात कुटुंबं, खेड्यांतून दोनतीन वर्षांमागं आलेली, आमच्याच देवळात बाप्तिस्मा घेतलेली, पण आमच्या आजोबांची जी जात होती तिच्यापेक्षा वेगळ्या जातीतून आलेली. धर्मात आल्यावर जात संपली असं दर रविवारी ऐकायचो. सोमवारी विहिरीवर ती परत यायची. मागच्या ओळीनं रहाटाला हात लावायचा नाही असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. फक्त त्या बायका घागरी घेऊन कठड्यापासून चार हात दूर उभ्या राहायच्या आणि पुढच्या ओळीतली एखादी त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायची. घागर त्यांच्या हातून घ्यायची नाही, भरून हातात द्यायची नाही. वरून. माझी आई चांगली बाई होती, ती सगळ्यांत आधी ओतायची आणि भरपूर ओतायची. पण वरूनच. मला यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे इथंच कबूल करते.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे आणि महिन्यातून एकदा देवळात कीर्तन करायचे. ख्रिस्ती माणसाचं कीर्तन म्हटलं की माझी हिंदू गिऱ्हाइकं अजून हसतात. हसण्यासारखं काही नाही. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या, सगळं तसंच. आधी पूर्वरंग, म्हणजे शास्त्रातला एखादा उपदेश उलगडायचा. मध्ये एक भजन आणि दानाची टोपली फिरायची. मग उत्तररंग, म्हणजे तोच उपदेश गोष्टीत घालून ऐकणाऱ्याच्या अंगावर आणायचा. बाबा म्हणायचे, पूर्वरंग हा सुईत दोरा ओवणं आहे, टाका उत्तररंगात पडतो. पेटी मी वाजवायची. तबल्याला बन्यामीन काका. ते नात्यातले नव्हेत. मिलमध्ये टाइमकीपर होते, एकटेच राहायचे, बायको लवकर गेलेली. बोटं अशी की तबला बोलतोय असं वाटावं, आणि माणूस मात्र आठवड्यात दहा वाक्यं बोलेल तर शपथ. त्यांची एक सवय सगळ्यांना माहीत होती. पूर्वरंग संपून भजन सुरू झालं की ते तबला शेजारच्या माणसाकडे सरकवायचे आणि उठून जायचे. बिडी ओढायला जातात असं आम्ही धरून चाललो होतो. मिशनमध्ये बिडीला बंदी, म्हणून कुणी विचारायचं नाही.

तीस सालच्या उन्हाळ्यात शहर चार दिवस सरकारच्या हातातून सुटलं आणि मग सरकारनं ते पुरतं मुठीत धरलं. लष्करी कायदा लागला. रस्त्यावर गोरे शिपाई. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की काठीनं उडवायचे, घरावर झेंडा दिसला की माणूसच उचलून न्यायचे. आमच्या कंपाउंडाला हात लागला नाही, आणि तेच आमच्या अंगाशी आलं. बाजारात लोक आमच्याकडे बघून बोलणं थांबवायचे. साहेबाच्या धर्माचे म्हणून आम्ही साहेबाचे हेर, असा त्यांचा हिशेब. इकडे साहेबाला वाटायचं आमची पोरं रात्री टोप्या घालतात. शिंप्यानं माप घेताना आईला उगाच विचारलं की मास्तर हल्ली काय वाचतात, तर आई कापड तसंच उचलून घरी आली. कायदा उठला तरी ही सवय उठली नाही. कुणी दारावरून हळू चाललं तर का हळू चालतो, आणि भरभर चाललं तर कुठं निघालाय, असं झालं होतं सगळ्यांचं. पावसानं दडी मारलेली. विहिरीला पाणी कमी, म्हणून तिथंही एकमेकींच्या घागरी मोजणं चाललेलं.

अशात बाबांनी कीर्तन ठेवलं. अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी जाता यावं म्हणून रविवारी दुपारी चारला. देऊळ भरलं होतं. पुढं सतरंज्यांवर आम्ही, मागं एका सतरंजीवर मागची ओळ. विषय होता संदेष्ट्यांच्या तोंडून देवानं राष्ट्रांचा केलेला न्याय.

बाबांनी सुरुवात केली ती बायबलातल्या एका संदेष्ट्यापासून. म्हणाले, हा काही देवळातला पुजारी नव्हे. मेंढरं राखायचा, उंबराची फळं टोचून पिकवायचा. आपल्या सांगोल्याकडचा कुणी खांद्यावर घोंगडी टाकून बाजारात यावा आणि तिथंच उभा राहून बोलू लागावा, तसा हा परक्या गावच्या गर्दीत उभा राहिला. आणि त्यानं राष्ट्रांची नावं घ्यायला सुरुवात केली. दिमिष्क, ज्यानं जिंकलेल्या लोकांवरून लोखंडी दातांची मळणी फिरवली. गज्जा, ज्यानं गावंच्या गावं धरून गुलाम म्हणून विकली. सोर, समुद्रकाठचं कापडाच्या व्यापारावर माजलेलं शहर, जे भाऊपणाचा करार विसरलं. अदोम, जो कड्याकपारीत घरं बांधून, इथं आपल्यापर्यंत कुणाचा हात पोचणार नाही, असं समजून बसला होता. अम्मोन, ज्याला शेजाऱ्याची जमीन हवी होती आणि त्यापायी पोटुशी बाईसुद्धा त्यानं सोडली नाही. मवाब, ज्यानं वैऱ्याची हाडं जाळून त्यांचा चुना केला. प्रत्येक नावानंतर बाबांचं स्वतःचं ध्रुवपद: 'किती का उंच मान, आभाळाच्या खाली.'

पहिल्या नावाला लोक जपून म्हणत होते. तिसऱ्याला आवाज चढला. अदोम आला तेव्हा माझ्यामागून कुणीतरी म्हणालं, 'टेकडीवरच्या बंगल्यात राहतो की तो,' आणि हशा पिकला. बाबांनी इंग्रजांचं नाव एकदाही घेतलं नाही, घेण्याची गरजच नव्हती. सहावं नाव झालं तेव्हा बायका टाळ्या वाजवत होत्या, पुरुष मांडीवर ताल धरत होते, आणि मी भाता इतका जोरात मारत होते की पेटी किंचाळायला लागली होती. माणसांना दुसऱ्याचा न्याय झालेला किती आवडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मलाही आवडला होता. अजून आवडतो.

भजन झालं, टोपली फिरली, बन्यामीन काका उठून गेले. मागच्या सतरंजीवरच्या बायकाही कमी झालेल्या दिसल्या. दिसलं मला, पण मनात उतरलं नाही. ते उतरायला वीस वर्षं लागली.

उत्तररंगाला बाबा उभे राहिले ते चिपळ्या खाली ठेवून. 'सहा नावं झाली,' ते म्हणाले. 'सहाही नावांना तुम्ही डोललात. त्या मेंढपाळासमोरचे लोकही असेच डोलत होते. त्यांना वाटलं, माणूस आपल्यातला आहे. मग त्यानं सातवं नाव घेतलं. ते ऐकणाऱ्यांच्याच घरचं होतं.'

देवळात रहाट ऐकू येईल अशी शांतता झाली. बाबांनी गोष्ट सांगितली ती कुठल्या राजाची नव्हती. एका विहिरीची होती. एक रहाट, दोन ओळी, चार हात अंतर. नाव कुणाचं घेतलं नाही, एक सोडून. म्हणाले, 'एक मास्तर आहे. त्याची बायको देवभोळी आहे, घागरी भरून देते. पण वरून देते. आणि मास्तर रोज ते बघतो आणि आत जाऊन शास्त्र वाचतो.' आईनं पदर तोंडाला लावला. मग बाबांनी ध्रुवपद म्हटलं. माझी पेटी चालू होती, पण पुढच्या एकाही सतरंजीवरून आवाज आला नाही. मागून एका म्हाताऱ्यानं एकट्यानं ओळ उचलली, बेसूर, आणि शेवटपर्यंत नेली.

सोमवारी आमच्याशी कुणी बोललं नाही. मंगळवारी मिशनच्या साहेबानं बाबांना बंगल्यावर बोलावलं. परत आले तेव्हा पायांतल्या वहाणा न काढता पडवीत बसले, हेच आम्हाला पुरेसं होतं. साहेबापुढं कागद होता. कागदावर सहा राष्ट्रांची नावं आणि प्रत्येकापुढं त्याचा अपराध, मराठीत. पोलीस कचेरीतून विचारणा झाली होती म्हणे की ही सहा राष्ट्रं म्हणजे कोण. बाबांनी सांगितलं की सातवंही नाव होतं आणि ते आपलंच होतं, रोख इंग्रजांवर नव्हता. साहेब म्हणाला, कागदावर तर सहाच आहेत.

मी विचारलं, 'अक्षर कुणाचं होतं?'

'नीट बघितलं नाही,' बाबा म्हणाले.

हे माझे बाबा, जे वर्गाच्या दारातून शेवटच्या बाकावरच्या पाटीतली वेलांटी चुकलेली ओळखायचे. मी जगावर संशय घेत होते, आणि हे वाक्य मात्र माझ्या हातावरून पाण्यासारखं निघून गेलं.

देवळाचे पाळक, म्हणजे आमचे पाद्री, आणि पंच यांची बैठक बसली. बाबांनी सातवं नाव घेतलं होतं, एवढंच कुणीतरी साक्षीला येऊन सांगायचं होतं. दोनशे माणसांनी ऐकलेलं वाक्य. एकानं सांगितलं की त्याला उन्हानं ग्लानी आली होती. एकीनं सांगितलं, पोर रडत होतं. ज्यांच्या विहिरीवर बोट ठेवलं होतं ते ती विहीर स्वतःच्या तोंडानं कशी उघडणार? मागच्या ओळीला कुणी बोलावलंच नाही. बन्यामीन काकांना बोलावलं, कारण ते बाबांचे जुने साथीदार. ते म्हणाले, 'शेवट मी ऐकला नाही. मी उठून गेलो होतो.' कुठं गेला होतात, असं विचारलं. 'बाहेर,' म्हणाले, आणि पुढं एक शब्द नाही.

मी तिथंच जोडणी केली. साहेबाच्या कागदावर शेवट नाही. काकांनी शेवट ऐकला नाही. म्हणजे कागद काकांचा. लिहायला वाचायला येतं, मिलमध्ये गोऱ्या मॅनेजराच्या हाताखाली काम, आणि कुठं गेलो होतो ते सांगत नाहीत. मला वाटलं, इतकं स्वच्छ गणित शाळेतही सुटलं नव्हतं.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या, म्हणजे देवळात सगळ्यांनी मिळून भाकरी घेण्याच्या, आदल्या शनिवारी तयारीची सभा असते. ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं ते तिथं काढून टाकावं, मग रविवारी भाकरीला हात लावावा. बहुतेक लोक सासूसुनांचं काहीतरी पुटपुटतात आणि डोळे पुसतात. त्या शनिवारी मी उभी राहिले. अठराव्या वर्षात होते. आईनं पदर ओढला, साकु म्हणाली, पण मी कुठली थांबते. म्हटलं, 'बन्यामीन काका, शेवट न ऐकता उठलेला माणूस एकच आहे. साहेबाच्या कागदावर शेवट नाही. आता भाकरी घेण्याआधी तुम्हीच काय ते सांगा.'

काकांनी आधी बाबांकडे बघितलं. बराच वेळ. बाबा खाली सतरंजीच्या पट्ट्याकडे बघत होते. मग काका मला म्हणाले, 'तुला तसं वाटतंय तर तसंच समज की, शांते.' उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी भाकरीला आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत, तबलाही कुणाला तरी देऊन टाकला, असं ऐकलं. मला वाटलं, अपराध कबूल केल्याची सही झाली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घर जात होतं, पण निदान कुणामुळं जातंय ते तरी कळलं होतं.

पंधरा दिवसांत बाबांची बदली झाली, माढ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवर. कीर्तनाला बंदी. सामान बैलगाडीत चढवताना मागच्या ओळीतल्या बायका लांब उभ्या होत्या, त्यांतल्या एकीनं आईच्या हातात भाकऱ्यांचं फडकं दिलं. आईनं ते हातातून घेतलं. मी पाहिलं. कंपाउंड सुटायच्या दिवशी आईला ते जमलं.

खेड्यात आम्हाला कुणी विहिरीवर पाणी भरू देईना. कंपाउंडात जे आम्ही करत होतो तेच तिथं आमच्या वाट्याला आलं, आणि बाबा त्यावर काही बोलले नाहीत. कीर्तन तर सुटलंच, पण साधं गुणगुणणंही थांबलं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हते. सोलापूरच्या विणकरांकडून टॉवेल आणून माढ्याच्या बाजारात मांडायला लागले. पोरगी म्हणून पहिल्या बाजारी सगळ्यांनी पाडून मागितलं. तिसऱ्या बाजारी कुणाची हिंमत झाली नाही. पुढं लग्न, मुलं, सोलापुरात परत येणं, दुकान, हे सगळं माझ्या भांडण्यातून उभं राहिलं. आणि प्रत्येक भांडणात समोरच्याच्या तोंडावर मला बन्यामीन काका दिसायचे. हे लिहिताना हसू येतं, पण तो राग नसता तर मी इतकी चांगली दुकानदार झाले नसते.

मग एक दिवस सरूबाई बोलली. चादरींच्या दशांना गाठी मारायला माझ्याकडे यायची. तीही त्याच कंपाउंडातली, मागच्या ओळीची. जुन्या दिवसांचं काहीतरी निघालं, आणि ती गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाली, 'तुमच्या बाचं कीर्तन असलं की आमाला लई बरं वाटायचं बघा.'

मी म्हटलं, 'ऐकायला कुठं बसायचात तुम्ही? अर्ध्यातून उठून जायचात.'

'जाणारच की. समदी पुढची ओळ देवळात, हीर मोकळी. तबल्याचे काका यायचे, आवाज हू नये म्हनून चाकाच्या आसाला वलं फडकं गुंडाळायचे, रहाट सोडून द्यायचे आमच्या हातात, आन दाराकडं बघत हुबे ऱ्हायचे. आमी आमच्या हातानं वडायचो. दोन दिसांचं पानी भरून ठेवायचो. म्हयन्यातनं येकदा.' आणि मग म्हणाली, 'कुनाला सांगू नका म्हनले हुते. सांगितलं असतं तर तेबी बंद झालं असतं.'

मी दुकान अर्धं उघडं टाकून घरी गेले. बाबा तेव्हा माझ्याकडेच होते, आई गेलेली. पाटावर बसून शेंगा सोलत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि विचारलं, मग कागद कुणाचा. माझा आवाज चढला होता, शेजारची माणसं डोकावली.

बाबांनी हातातली शेंग पुरती सोलली. दाणे सुपात टाकले. मग म्हणाले, 'अक्षर माझंच होतं.'

त्या उन्हाळ्यात पाळकांनी बाबांना एकट्याला बोलावून सांगितलं होतं, कीर्तनात काय बोलणार ते आधी लिहून द्यायचं. बाबांनी मुकाट्यानं लिहून दिलं. पण फक्त पूर्वरंग. उत्तररंग लिहिला असता तर पाळकांच्या बायकोकडून तो विहिरीवर पोचला असता, आणि देवळात कुणी आलं नसतं. पाळकांनी तो कागद कीर्तनाआधी वाचलाच नाही. सोमवारी पोलिसांकडून विचारणा आली तेव्हा घाबरून तो तसाच साहेबापुढं नेऊन ठेवला, आणि पुढं तेही त्याबद्दल बोलले नाहीत. कुणी चुगली केली नव्हती. रविवारी संध्याकाळपर्यंत सहा नावं बाजारभर झाली होती, चुगली करायला काही उरलंच नव्हतं.

'मग त्या शनिवारी बोलला का नाहीत?'

'लोक म्हणायचे, मास्तर कुणाला भीत नाही,' बाबा म्हणाले. 'तूही म्हणायचीस. लिहून देऊन परवानगी घेतली होती हे त्या देवळात उभं राहून कसं सांगायचं? वाटलं, सावकाश सांगू. मग बदली झाली. मग ते सांगण्यासारखं राहिलं नाही.'

सहा राष्ट्रांच्या गर्वावर माझे बाबा दोन तास बोलू शकत होते. या गर्वावर त्यांना वीस वर्षांत एक वाक्य बोलता आलं नाही. त्यांना मी माफ केलं का, हे मला मुलं विचारतात. मी सांगते, अजून घासाघीस चालू आहे.

बन्यामीन काका मिलच्या भिंतीलगतच्या एका खोलीत राहत होते. पेन्शनीत गेलेले, डोळे अधू. मी दुकानातली सगळ्यांत जड चादर घेऊन गेले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते, जशी मोठ्या सौद्याला जाताना जुळवते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी चादर पुढं ठेवली, त्यांनी बोटांनी चाचपली आणि परत सरकवली. 'भारी आहे. मला एकट्याला काय करायची?' मी म्हटलं, मला सगळं कळलं, सरूबाईनं सांगितलं, बाबांनीही सांगितलं. माफी मागायची माझी वाक्यं एकेक करून संपली, मग मला रागच आला. म्हटलं, 'एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?'

'त्या बायांचं पाणी बिघडलं असतं की.' मग म्हणाले, 'कागद मास्तरांचा असणार हे मला त्या शनिवारच्या सभेतच कळलं. माणूस खाली का बघतो ते टाइमकीपरला कळतं.'

मी विचारलं, आता मी काय करू, काय दिलं म्हणजे हे फिटेल. माझी भाषाच ती. त्यांनी चादरीची कड पुन्हा चाचपली, आणि मला संशय आला की आता हा म्हातारा मोठं काहीतरी मागणार.

'मास्तरांचा उत्तररंग मी कधी ऐकला नाही,' ते म्हणाले. 'एवढी वर्षं वाजवलं, पण अर्धंच ऐकलं. त्या दिवशी पुढं काय झालं? सांग की.'

पत्र्याची ट्रंक त्यांनी जवळ ओढली आणि झाकणावर बोटं ठेवली. पेटी नव्हती, मी नुसतीच बसले. सहा नावं एका दमात घेतली, दिमिष्कापासून मवाबापर्यंत, आणि प्रत्येकामागं ते ट्रंकेवर ध्रुवपदाचा ठेका देत गेले, बोटं अजून तशीच. मग मी विहिरीचं सांगितलं. एक रहाट, दोन ओळी, चार हात. 'वरून' हा शब्द आला तेव्हा त्यांची बोटं थांबली. 'म्हणजे मास्तरांना ते दिसत होतं,' ते हळूच म्हणाले. 'मला वाटायचं, ते फक्त मलाच दिसतंय.'

आता सातवं नाव उरलं होतं. बाबांनी त्या जागी मास्तराचं घेतलं होतं. मला ते घेता येईना, कारण ते माझं नव्हतं. माझं कोणतं ते मला ठाऊक होतं, त्या देवळात शनिवारी उभं राहून मी ज्याचा न्याय केला तो माणूस माझ्यासमोर ट्रंकेवर बोटं ठेवून वाट बघत होता. मी म्हटलं, काका, जरा पाणी द्या.

ते भिंतीचा आधार घेत उठले. माठात तांब्या बुडवला, तो बाहेरून धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि चाचपत माझ्यापर्यंत आले. मी खेड्यातल्या सवयीनं ओंजळ पुढं केली होती. त्यांनी ती हातानं बाजूला केली आणि तांब्या माझ्या हातात दिला.